टिकटिक ओवलेली नव्हती : फिनॉमेनॉलॉजी आणि मेंदूवाले

अर्धवट जागा (धागाकर्ता)

मला फेफऱ्याचा त्रास आहे. बारा वर्षं झाली. सहानुभूतीचे प्रतिसाद नकोत, औषधं चालू आहेत आणि बरं चाललंय. मी पडत वगैरे नाही, मिनिट-दीड मिनिट फक्त 'नसतो'. त्याच्या आधी काहीतरी होतं, त्याला डॉक्टर ऑरा म्हणतात. दर तपासणीला एक फॉर्म हातात येतो: चक्कर, भीती, विचित्र वास, पोटात गोळा, इतर. मी बारा वर्षं 'इतर'वर खूण करतोय आणि पुढच्या रेघेवर 'विचित्र वाटतं' असं लिहितोय. कुणी खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षी एका संशोधनासाठी मुलाखत दिली. बाईंनी 'झटक्याआधी काय वाटतं?' हे विचारलंच नाही. म्हणाल्या, शेवटचा जो नीट आठवतो तो एकच झटका घ्या. कुठे होतात? खोलीत. बसलेले की उभे? बसलेला. उजेड कुठल्या बाजूने येत होता? मी थांबलो. डावीकडून, खिडकीतून. हाताखाली काय होतं? खुर्चीचा दांडा, गार. आवाज? घड्याळ. टिकटिक कशी ऐकू येत होती?

इथे मी बराच वेळ गप्प होतो. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, चाळीस सेकंद नुसती शांतता. मग मी म्हणालो, "मणी होते, पण दोरा नव्हता." म्हणजे? "एरवी टिकटिक ओवलेली असते. एक टिक येते तेव्हा आधीची अजून जरा हातात असते. तेव्हा तसं नव्हतं. प्रत्येक टिक एकटी. जणू पहिलीच."

बारा वर्षांत 'विचित्र' या शब्दाच्या आत एवढं काही होतं हे मलाच माहीत नव्हतं.

नंतर उत्सुकता म्हणून वाचत सुटलो आणि हुसेर्लपाशी येऊन पोचलो. हा माणूस मुळात गणिती, १८८३ ची डॉक्टरेट गणितातली. मग ब्रेंटानो या तत्त्वज्ञाच्या व्याख्यानांनी त्याला तत्त्वज्ञानाकडे ओढलं. १९०५ च्या व्याख्यानांमध्ये तो विचारतो की सूर एकामागून एक येतात, मग आपल्याला चाल कशी काय ऐकू येते? प्रत्येक क्षणी फक्त त्या क्षणाचा सूर ऐकू आला असता तर चाल कधीच ऐकू आली नसती. तो म्हणतो, 'आत्ता' हा टिंबासारखा नसतो. त्याला नुकत्याच सरलेल्याचं शेपूट असतं आणि येऊ घातलेल्याची चाहूल असते. हे शेपूट म्हणजे स्मरण नव्हे. कालची चाल आठवणं वेगळं, आणि आत्ताच्या सुराला मागचा सूर चिकटलेला असणं वेगळं. तो दोरा एरवी दिसत नाही, कारण तो कधी तुटत नाही.

आता धाग्याचा विषय. फिनॉमेनॉलॉजी (मराठीत तीन-चार प्रतिशब्द पाहिले, एकही जिभेवर बसत नाही, मी हाच वापरणार) म्हणजे गोष्टी आपल्याला कशा प्रतीत होतात याचं शिस्तीत वर्णन. आणि जाणिवेचं विज्ञान म्हणजे ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), एफएमआरआय (मेंदूतल्या रक्तप्रवाहाचं चित्रण), भूल, झोप, मेंदूच्या इजा. या दोघांचं एकमेकांशी काय नातं असावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. मेंदूवाल्यांना वर्णनाची गरज प्रयोग संपल्यावर 'जरा मानवी बाजू' म्हणून नसते. ती सुरुवातीलाच असते. आलेखावरच्या कुठल्या तुकड्याला काय नाव द्यायचं, हे कुणीतरी अनुभवून सांगितल्याशिवाय ठरत नाही. आणि ते सांगणं हे कसब आहे, ते आपोआप येत नाही.

फेफऱ्याचंच घ्या. पॅरिसमध्ये पेतित्मॉन्जाँ, नाव्हारो आणि ल व्हाँ क्येन यांनी नेमकं हेच केलं, २००७ मध्ये छापून आलं. ईईजीच्या विश्लेषणात झटक्याच्या काही मिनिटं आधी बदल दिसत होते. मग प्रश्न आला की त्या मिनिटांत माणसाला काहीच कळत नसेल? नेहमीच्या प्रश्नांना उत्तर 'नाही' येत होतं. अशा मुलाखतींमधून मात्र बारीक बारीक चाहुली बाहेर आल्या.

मतं येऊ द्या. मारामाऱ्याही चालतील.

रिकामटेकडा

वाचनखूण साठवली. मणी-दोरा वाचून अंगावर काटा आला राव.

मोजपट्टी

लेख आवडला, पण चहात माशी टाकतो.

माणसं स्वतःच्या मनाबद्दल जे सांगतात त्यावर विश्वास का ठेवायचा? निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा निबंध, १९७७. लोकांसमोर मोज्यांचे चार जोड मांडले आणि सगळ्यात चांगला निवडा म्हणाले. चारही एकसारखे होते. सगळ्यात उजवीकडचा जोड डावीकडच्याच्या जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. का निवडला विचारल्यावर वीण, पोत, कापड अशी कारणं आली. जागेचं कारण एकानेही दिलं नाही. २००५ मध्ये स्वीडनच्या योहान्सन आणि हॉल यांनी तर कमाल केली. दोन चेहऱ्यांतला आवडता निवडायला सांगितला, हातचलाखीने नाकारलेलाच चेहरा हातात दिला, आणि बहुतेकांनी 'मी हा का निवडला' याची छान कारणं दिली.

हे पूर्वी होऊन गेलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या वुर्झबुर्गची मानसशास्त्रज्ञ मंडळी म्हणाली की विचाराला प्रतिमा लागत नाही, नुसता 'विचार' असतो. तिकडे अमेरिकेत टिचनर म्हणाला, छे, आमच्या प्रशिक्षित निरीक्षकांना बारीक प्रतिमा सापडतात, तुमच्यांना बघता येत नाही. आता निवाडा कसा करणार? दोघांच्या डोक्यात तिसरा डोकावू शकत नाही. १९१३ मध्ये वॉटसनने सगळं दुकानच बंद केलं आणि म्हणाला, वर्तन मोजा. मला त्याचा त्रागा समजतो.

अर्धवट जागा, तुमचा दोरा खराही असेल. पण हुसेर्ल वाचल्यावर तो तुम्हाला सापडला, की आधी?

अर्धवट जागा

आधी. रेकॉर्डिंगवर तारीख आहे, हुसेर्लचं नाव मी त्यानंतर दोन महिन्यांनी ऐकलं.

मोजपट्टी

तुम्ही नंतर ऐकलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी?

अर्धवट जागा

त्यांनी अर्थातच वाचला होता. हा घाव बसला, मान्य. एवढंच म्हणेन की 'ओवलेली' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

पण चेहऱ्यांच्या प्रयोगाचा उत्तरार्ध तुम्ही सांगितला नाहीत. २०१३ मध्ये पेतित्मॉन्जाँ आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग केला. काही फेऱ्यांमध्ये चेहरा निवडून झाल्यावर, बदललेला फोटो हातात पडण्याआधी, त्या माणसाला निवडीच्या क्षणात अशीच हळूहळू परत नेली: नजर आधी कुठे गेली, मग काय झालं. मुलाखत नसताना फसवणूक ओळखण्याचं प्रमाण ३३ टक्के, मुलाखतीनंतर ८० टक्के. म्हणजे माणूस स्वतःबद्दल कायमचा आंधळा नाही. 'का?' विचारलं की तो वकिली करतो. 'कसं?' विचारलं की बघतो.

मोजपट्टी

आकडे चांगले आहेत. पण याचा दुसरा अर्थही निघतो. मुलाखतीने आधीचा अनुभव उघडा पडला, की चेहऱ्याकडे नव्याने लक्ष गेलं आणि आठवण पक्की झाली? दोन्हींचा निकाल सारखाच दिसेल. तुमच्या ८० टक्क्यांमधून मी एवढंच घेईन की निस्बेट-विल्सन हा शेवटचा शब्द नाही.

कंसातली

दोघांचं भांडण रंगात आलंय, पण मला दोघांनाही अडवायचंय. एम.ए.ला दोन वर्षं याच विषयात घातलीत, त्यामुळे थोडं खडूसपणे लिहीन.

फिनॉमेनॉलॉजी म्हणजे 'आत डोकावून बघणं' नाही. हुसेर्लला हे वाचून झीट आली असती. १९००-०१ च्या 'तर्कशास्त्रीय अन्वेषणां'मध्ये तो मानसशास्त्रवादावरच (तर्काचे नियम म्हणजे मनाच्या सवयी, या मतावर) तुटून पडलाय. समोरचं टेबल बघा. दिसते एकच बाजू, तरी तुम्ही 'टेबलाची एक बाजू' बघत नाही, टेबल बघता. न दिसणारी मागची बाजूही त्या बघण्यात सामील असते, म्हणून तर फिरून मागे गेल्यावर ती नसली तर धक्का बसेल. यात कुठेही मनाच्या आत वळून पाहिलेलं नाही. टेबल कसं प्रतीत होतंय याकडे पाहिलंय. 'टेबल खरंच आहे का, प्रकाशकिरण डोळ्यात कसे जातात' हे प्रश्न तेवढ्यापुरते कंसात टाकायचे. कंस हा त्याचाच शब्द, शेवटी गणितीच तो. (माझ्या आयडीचं रहस्य फुटलं.) हे प्रश्न खोडायचे नसतात, फक्त त्यांच्यावर भिस्त ठेवायची नसते.

आणि मूळ अडचण इथेच आहे. हुसेर्लच्या लेखी जाणीव ही जगातल्या वस्तूंपैकी आणखी एक वस्तू नाही. जग आपल्याला ज्यामुळे 'जग' म्हणून मिळतं, ते म्हणजे जाणीव. मेंदूसुद्धा आपल्याला जाणिवेतच भेटतो, स्कॅनवर, पुस्तकात, शवविच्छेदनाच्या टेबलावर. मग मेंदूने जाणिवेचा खुलासा करणं म्हणजे ज्या फांदीवर बसलो तिच्यावरूनच झाडाचं मूळ मोजणं. त्याच्या १९३६ च्या 'क्रायसिस' या ग्रंथात हेच आहे: विज्ञान ज्या जगण्याच्या जगातून निघतं त्याचाच त्याला विसर पडतो. १९९९ मध्ये 'फिनॉमेनॉलॉजीचं निसर्गीकरण' (म्हणजे तिला निसर्गविज्ञानात बसवणं) असा जाडजूड संग्रह निघाला, तेव्हा झाहावीसारख्या तत्त्वज्ञांनी विचारलं की निसर्गीकरण झाल्यावर ती फिनॉमेनॉलॉजी उरते का? प्रश्न अजून तसाच उभा आहे.

मोजपट्टी

ताई, हा बचाव फार सोयीचा आहे. 'आमचं काम तुमच्या खालच्या मजल्यावर चालतं, त्यामुळे तुमचा पुरावा आम्हाला लागू नाही.' देव मानणारेही असंच म्हणतात.

कंसातली

म्हणूनच मला हुसेर्लपेक्षा मेर्लो-पाँती हा फ्रेंच फिनॉमेनॉलॉजिस्ट जवळचा वाटतो. त्याने १९४५ च्या ग्रंथात श्नायडर नावाचा रुग्ण घेतला. पहिल्या महायुद्धात डोक्याला इजा झालेला हा सैनिक गोल्डश्टाइन आणि गेल्ब यांनी तपासला होता. डोळे मिटलेले असताना डास चावला तर त्याचा हात बरोबर त्या जागी जाई. पण 'तिथे बोट दाखव' म्हटलं की जमत नसे. जागा तीच, हात तोच. मग 'जागा माहीत असणं' हे एक आहे की दोन? पकडायची जागा आणि दाखवायची जागा वेगळ्या असू शकतात, हे निरोगी माणसाच्या अनुभवात शोधूनही सापडलं नसतं, कारण तिथे दोन्ही एकजीव असतात. इजेने ती शिवण उसवली. अर्धवट जागा, तुमच्या टिकटिकीचंही तेच झालं. म्हणजे पुरावा आम्हाला लागू आहे, मोजपट्टी. फक्त तो 'मेंदूच्या अमुक भागात इजा' इथे संपत नाही.

मौनी

छान चर्चा. पण हे सगळं आपल्याकडे साक्षीभाव म्हणून आधीच आहे ना? बघणाऱ्याला बघणं. पाश्चात्त्यांना आत्ता कळतंय.

रिकामटेकडा

आला! मी मनातल्या मनात पैज लावली होती की विसाव्या प्रतिसादाच्या आत हा येणार.

अर्धवट जागा

रिकामटेकडे, चिडवू नका, मुद्दा अगदी हवेतला नाही. व्हरेला हा चिलीचा जीवशास्त्रज्ञ. तो स्वतः तिबेटी बौद्ध साधना करणारा होता आणि १९९१ मध्ये थॉम्पसन आणि रोश यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात त्याने दोन्ही धागे मुद्दाम एकत्र आणले. लक्ष स्थिर ठेवायची सवय असलेला माणूस बघण्यात तरबेज असेल, हे पटण्यासारखं आहे. पण मौनीताई, साधनेला सुटका हवी असते, हुसेर्लला वर्णन हवं असतं. साक्षी झाल्यावर टिकटिकीचा दोरा सुटला काय नि राहिला काय, फरक पडत नाही. मला पडतो.

आणि मोजपट्टी, तुमच्यासाठी व्हरेलाचा प्रयोग मांडतो, कारण तो मोजण्याचाच आहे. १९९६ मध्ये त्याने 'न्यूरोफिनॉमेनॉलॉजी' हा कार्यक्रम जाहीर केला. चाल्मर्स या तत्त्वज्ञाने आदल्याच वर्षी 'कठीण प्रश्न' (मेंदूतल्या घडामोडींतून अनुभव मुळात येतोच का) हा शब्द गाजवला होता, त्यावर हा पद्धतीचा उपाय. २००२ मध्ये लुट्झ, लाशो, मार्तिनेरी आणि व्हरेला यांचा निबंध आला, व्हरेला स्वतः २००१ मध्येच गेला होता. प्रयोग साधा होता. पडद्यावर ठिपके, नजर विशिष्ट पद्धतीने ठेवली की त्यातून उठावदार आकृती वर येते. आली की बटण दाबायचं. माणसं चार.

अशा प्रयोगात एरवी काय करतात? शंभर फेऱ्यांची सरासरी काढतात आणि फेरीफेरीतला फरक 'गोंगाट' म्हणून पुसून टाकतात. यांनी आधी त्या माणसांना सराव करू दिला आणि प्रत्येक फेरीनंतर विचारलं की आकृती यायच्या आधी तुमची तयारी कशी होती. शब्द त्यांचेच. कधी स्थिर तयार, कधी तुकड्या-तुकड्याने तयार, कधी भलतंच काही डोक्यात आणि आकृतीने दचकवलं. मग ईईजी या शब्दांप्रमाणे गटात लावला. तर आकृती दिसण्याच्या *आधीच* गटागटांतली लय वेगळी निघाली आणि बटण दाबायला लागणारा वेळही वेगळा. ज्याला गोंगाट म्हणत होते त्याच्यात रचना होती. ती बाहेर काढायची किल्ली माणसाच्या बोलण्यात होती.

मोजपट्टी

चार माणसं!

तरी हा प्रयोग मला भिडतो, हे कबूल. कारण इथे बोलण्यावर श्रद्धा ठेवलेली नाही. बोलण्यावरून गट पाडले आणि स्वतंत्र मोजमापाने ते गट टिकतात का ते पाहिलं. हे मला चालतं. तत्त्वज्ञ डेनेटही १९९१ मध्ये थोडंफार हेच म्हणत होता: माणसाचं सांगणं घ्या, पण 'त्याला असं वाटतं' एवढीच नोंद करा, ते खरं आहे का हे नंतर बघू.

भूलवाला

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज राहवलं नाही.

माझा धंदाच जाणीव बंद-चालू करण्याचा. शस्त्रक्रियेनंतर विचारतो, काही आठवतंय का? 'नाही' म्हणतात आणि सगळे खूश. पण एक जुनी युक्ती आहे. स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी एका हातावर रक्तदाबाची पट्टी आवळायची, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही आणि तो हात हलू शकतो. मग भुलीखालच्या माणसाला म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. थोड्या लोकांचा हात दाबला जातो. 'दुखत असेल तर दोनदा दाबा' म्हटलं तर काही जण दोनदाही दाबतात. आणि यातल्या बहुतेकांना नंतर काहीही आठवत नाही.

मी स्वतः एकदा हे पाहिलंय. माझ्या तळव्यात ती बोटं आवळली गेली तेव्हा मॉनिटरवर सगळं शांत होतं. संध्याकाळी त्याच माणसाने हसत हसत सांगितलं, "मस्त झोप लागली डॉक्टर." तो खोटं बोलत नव्हता.

आता सांगा, तो अनुभव होता की नव्हता? मोजपट्टी, तुमचं सगळं मोजमाप शेवटी 'त्याने सांगितलं' किंवा 'त्याने बटण दाबलं' यावर उभं आहे. आणि अर्धवट जागा, तुमच्या मुलाखतीत त्याला कितीही हळुवार मागे न्या, तिथे परत जायला काही शिल्लकच नाही. तुमचं कसब आठवणीच्या दारातच अडतं. मला दोन्ही पक्ष अपुरे दिसतात.

अर्धवट जागा

डॉक्टर, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझे ते 'नसतो'चे मिनिट-दीड मिनिटही असेच असेल का, हा विचार आत्ता पहिल्यांदाच आला आणि तो फारसा सुखाचा नाही. त्या वेळात मी बोलतो, दार उघडतो असं घरचे सांगतात.

कंसातली

इथे एक भेद उपयोगी पडेल. अनुभव असणं आणि त्याची दखल घेता येणं वेगळं. फिनॉमेनॉलॉजीत म्हणतात की प्रत्येक अनुभवात 'हा मला होतोय' हे मुकाट्याने असतं, त्यावर विचार करा किंवा करू नका. डॉक्टरांच्या रुग्णाचं ते 'मला' त्या क्षणी होतं का, एवढाच प्रश्न. दोनदा दाबणारा हात मला तरी होकाराकडे झुकवतो. पण ही झुकवणूक आहे, सिद्धता नाही.

अवांतर: तोनोनी या मेंदूशास्त्रज्ञाची जाणिवेबद्दलची 'एकात्मिक माहिती' उपपत्ती अनुभवाच्या स्वयंसिद्धांपासून सुरू होते: अनुभव एकसंध असतो, ठरावीक असतो वगैरे. ऐकायला आमच्यासारखं वाटतं. पण पाच-सहा ओळींत अनुभवाचं सार सांगून पुढे तीसेक पानं गणित! हुसेर्लने एका सुरावर वर्षं घालवली. २०२३ मध्ये १२४ जणांनी सही करून तिला छद्मविज्ञान म्हटलं. मला ते अतिरेकी वाटतं, पण तिची सुरुवात घाईची आहे हे मात्र खरं.

रिकामटेकडा

त्याच वर्षी ती वाइनची पैज पण निकालात निघाली ना? मेंदूशास्त्रज्ञ कॉख म्हणाला होता २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल, चाल्मर्स म्हणाला नाही. १९९८ ची पैज. २०२३ मध्ये कॉखने वाइनचं खोकं नेऊन दिलं. माझ्या मते या क्षेत्रातला एकमेव निर्विवाद निकाल.

मोजपट्टी

चार दिवसांनी परत येतोय. सांगायला लाज वाटतेय, पण सांगतो.

हर्लबर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाची पद्धत आहे. दिवसातून कधीही यंत्र बीप करतं, आणि बीपच्या अगदी आधीच्या क्षणी जाणिवेत जे होतं तेवढंच टिपायचं. तर्क नको, 'मी नेहमी असा विचार करतो' हे नको. श्वित्झगेबल या पक्क्या संशयवाद्याने त्याच्याबरोबर २००७ मध्ये वाद घालत पुस्तकही केलंय. म्हटलं, मीही संशयवादी, करून बघू. फोनवर वेळीअवेळी वाजणारा गजर लावला.

माझी खात्री होती की माझ्या डोक्यात दिवसभर शब्द चालू असतात. अखंड बडबड. चार दिवस, एकवीस बीप. शब्द सापडले तीनदा.

कंसातली

आणि उरलेल्या अठरा वेळा?

मोजपट्टी

काही वेळा नुसतं दिसणं: पडद्यावरच्या अक्षराचा काळेपणा, नळाच्या पाण्याचा गारवा. दोनदा काहीच पकडता आलं नाही. पण कालची एक नोंद छळतेय. जिना उतरत होतो, बीप झाली. त्या क्षणी मी 'कुलूप लावलं की नाही' या विचारात होतो.

कंसातली

'कुलूप' हा शब्द होता?

मोजपट्टी

नाही.

कंसातली

कुलपाचं चित्र? दाराचं? हाताला किल्लीचा स्पर्श?

मोजपट्टी

तेच तर. पंधरा मिनिटं पायरीवर बसून शोधलं. शब्द नाही, चित्र नाही, स्पर्श नाही. पण विचार कुलपाचा होता हे पक्कं. गॅसचा नव्हता, खिडकीचा नव्हता. कुलपाचाच.

कंसातली

मोजपट्टी, तुम्ही वुर्झबुर्गला पोचलात.

मोजपट्टी

माहितीये. म्हणून तर चिडलोय. टिचनर म्हणाला असता, नीट बघ, कुठेतरी पुसट चित्र असेल. मी परत बघितलं, आणि आता कुलपाचं चित्र दिसतंय. पण ते तेव्हा होतं की आत्ता मी काढलं, हे मला सांगता येत नाही.

अर्धवट जागा

उजेड कुठल्या बाजूने येत होता?

मोजपट्टी

... वरून. जिन्याच्या झरोक्यातून. थांबा जरा.